उशाशी कोण उभं आहे?



२०२० च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या साथीत, जिल्ह्याजिल्ह्यात एकच प्रश्न विचारला जात होता : व्हेंटिलेटर किती आहेत? वर्तमानपत्रांत रकाने भरभरून आकडे येत. देणगीदार यंत्रं देत, पुढारी त्यांचं लोकार्पण करत. पुढे असंही उघड झालं, की काही ठिकाणी ती यंत्रं खोक्यातून बाहेरच आली नव्हती, कारण ती चालवणारं माणूस नव्हतं. आजचा विषय त्या आकड्यांच्या पलीकडचा आहे. व्हेंटिलेटर लागला, पडद्यावर रेघा उमटू लागल्या, नातेवाइकांना बाहेर बसायला सांगितलं. त्यानंतर रुग्णाच्या श्वासमार्गाची निगा कोण राखतं, आणि ती राखण्यात कसूर झाली तर नेमकं काय बिघडतं?

या प्रश्नाचं पहिलं मोठं उत्तर १९५२ साली कोपनहेगनमध्ये मिळालं, आणि ते यंत्राशिवाय मिळालं.

दीड हजार विद्यार्थी आणि रबरी पिशव्या

त्या वर्षी डेन्मार्कच्या राजधानीत पोलिओची भयंकर साथ आली. सगळे रुग्ण ब्लेगडॅम रुग्णालयात येत होते. काही दिवस तर रोज पन्नासपर्यंत. ज्यांचे श्वासाचे आणि गिळण्याचे स्नायू लुळे पडत, त्यांच्यासाठी रुग्णालयाकडे होती एक लोखंडी पेटी आणि छातीवर बसवायची सहा यंत्रं. बॉस्टनमध्ये फिलिप ड्रिंकर आणि लुई शॉ यांनी १९२८ मध्ये ही लोखंडी पेटी बनवली होती. रुग्णाला मानेपर्यंत त्या पेटीत ठेवायचं. आतला दाब कमी झाला की छाती फुगते आणि हवा आत येते. पण ज्याला गिळताच येत नाही, त्याच्या घशातली लाळ आणि कफ त्याच हवेबरोबर फुप्फुसात उतरत. साथीच्या पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ रुग्णांवर उपचार झाले. त्यांतले २७ दगावले.

प्रमुख डॉक्टर लासेन यांनी २५ ऑगस्टला एका भूलतज्ज्ञाला सल्ल्यासाठी बोलावलं. त्यांचं नाव ब्यॉर्न इब्सेन. मृतांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेलं होतं आणि त्याचा अर्थ तिथल्या डॉक्टरांना लागत नव्हता. इब्सेन म्हणाले, हा साठलेल्या कार्बन डायऑक्साइडचा पुरावा आहे. रुग्ण पोलिओच्या विषाणूने मरत नाहीत, श्वास अपुरा पडल्याने मरत आहेत. दोन दिवसांनी, २७ ऑगस्टला, त्यांनी बारा वर्षांच्या एका मुलीवर ते सिद्ध करून दाखवलं. गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत फुगा असलेली नळी बसवली, साठलेले स्राव खेचून काढले आणि रबरी पिशवी हाताने दाबून ऑक्सिजन दिला. मुलगी वाचली.

पण इतक्या रुग्णांना पिशवी दाबणार कोण? वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय महाविद्यालयांचे सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून उशाशी बसले. एकेका वेळी सत्तरपर्यंत रुग्ण हातांनी दिलेल्या श्वासावर होते. एकूण हिशेब सुमारे १,६५,००० तासांचा भरला. ८७ टक्क्यांवर असलेला मृत्यूदर साथ सरता सरता २५ टक्क्यांच्या आसपास आला.

ही गोष्ट व्हेंटिलेटरच्या जन्माची म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. तोंडाकडून दाबाने हवा ढकलणारी यंत्रं त्यानंतर झपाट्याने आली. पण त्या मुलीला वाचवणाऱ्या गोष्टी नीट पाहाव्यात : वरची लाळ खाली उतरू न देणारा फुगा, कफ काढण्याची वाट, आणि क्षणभरही न हलणारा माणूस. पिशवी दाबणाऱ्या विद्यार्थ्याला हाताखाली फुप्फुस ताठर झाल्याचं कळे, घरघर ऐकू येई. यंत्र आलं तेव्हा पिशवी दाबणं संपलं. बाकीचं काम तसंच उरलं.

मुंबईत त्याचा प्रत्यय धनुर्वाताने दिला. धनुर्वाताचं विष एकदा मज्जातंतूंना चिकटलं की कोणतंही यंत्र ते सोडवत नाही. त्याचा परिणाम ओसरेपर्यंत आठवडेच्या आठवडे रुग्णाला तगवून धरावं लागतं. डॉ. फारोख उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये अशा १५० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. अतिदक्षता उपचारांमुळे एकूण मृत्यूदर ३० वरून १२ टक्क्यांवर आला. अतितीव्र धनुर्वातात तो ७० वरून २३ टक्क्यांवर उतरला. मधल्या काळात रुग्णांच्या गळ्यातली नळी मोकळी ठेवणं हे या यशाचं मोठं अंग होतं.

नळी काय हिरावून घेते

निरोगी माणसाचं नाक श्वासाबरोबर आलेली हवा गाळतं, गरम करतं आणि ओलसर करतं. ३७ अंश तापमानाच्या, पूर्ण दमट हवेत दर लिटरमागे ४४ मिलिग्रॅम पाणी असतं. रुग्णालयाच्या वाहिनीतून येणारा ऑक्सिजन मात्र जवळजवळ कोरडा असतो. तोंडातून किंवा गळ्यातून घातलेली व्हेंटिलेटरची नळी नाक-घशाला वगळून थेट श्वासनलिकेत जाते, म्हणजे ही तिन्ही कामं बाहेरून करावी लागतात. एक तर गरम पाण्याचं ह्युमिडिफायर लावायचं, नाही तर रुग्णाच्याच उच्छ्वासातली ऊब आणि ओल धरून ठेवणारा छोटा फिल्टर. दोन्ही एकदम लावले तर फिल्टर पाण्याने भिजून गच्च होतो आणि हवेची वाटच बंद होते. काहीच नीट लावलं नाही तर कफ आटतो, नळीच्या आत खरपुडी धरते आणि आठ मिलिमीटरची नळी आतून सहाची, पाचची होत जाते. बाहेरून काहीच दिसत नाही. फक्त यंत्राला हवा ढकलायला जास्त दाब लागू लागतो.

खोकलाही जातो. खोकताना माणूस आधी स्वरयंत्र मिटतो, छातीत दाब साठवतो आणि मग एकदम सोडतो. स्वरतंतूंच्या मधून नळी गेली की ते मिटणंच शक्य नाही. म्हणून सक्शन : कॅथेटर नावाची बारीक नळी आत घालून कफ खेचून काढणं.

सक्शनचं वेळापत्रक करण्याची सवय अजून कित्येक ठिकाणी आहे : दर दोन तासांनी कॅथेटर घालायचाच. जाणकार आता गरज पाहून सक्शन करायला सांगतात. छातीवर घरघर ऐकू येते, पडद्यावरची प्रवाहाची रेघ करवतीच्या दातांसारखी दिसते, दाब चढतो, ऑक्सिजन उतरतो, तेव्हा करायचं. कारण सक्शन निरुपद्रवी नाही. कफाबरोबर हवाही खेचली जाते, फुप्फुसाचे कोपरे मिटतात, ऑक्सिजन पडतो, कधी हृदयाचे ठोके एकदम मंदावतात, अस्तराला खरचटून रक्त येतं. म्हणून आधी काही क्षण शंभर टक्के ऑक्सिजन, आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत पंधरा सेकंदांच्या आत काम, आणि कॅथेटरची जाडी नळीच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जास्त नको. आठ नंबरच्या नळीला बारा नंबरचा कॅथेटर चालतो, चौदाचा नाही (दोघांच्या नंबरांची मापं वेगळी आहेत). कफ पातळ व्हावा म्हणून प्रत्येक वेळी सलाइन सोडण्याची जुनी पद्धतही आता सरसकट वापरू नये असं मानलं जातं.

फुग्यातला दाब

नळीच्या खालच्या टोकाजवळ एक फुगा असतो. तो दोन कामं करतो : यंत्राची हवा वर गळू देत नाही आणि तोंडातली घाण खाली उतरू देत नाही. साठच्या दशकात हे फुगे लहान आणि कडक असत. रुग्ण बरे होऊन घरी जात आणि काही आठवड्यांनी धाप लागून परत येत. त्यांची श्वासनलिका व्रण भरताना आक्रसलेली असे. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले जोएल कूपर आणि हर्मीस ग्रिलो यांनी १९६९ मध्ये दाखवून दिलं, की त्यात फुग्याचा दाबच दोषी आहे. मग मोठे, पातळ भिंतीचे, कमी दाबाचे फुगे आले.

तरी प्रश्न पुरता मिटला नाही, कारण नवा फुगाही जास्त फुगवता येतोच. १९८४ मध्ये सीगोबिन आणि व्हॅन हॅसेल्ट यांनी चाळीस रुग्णांच्या श्वासनलिकेत दुर्बिणीतून पाहिलं. फुग्याचा दाब ३० सेंटिमीटर पाण्याच्या वर गेला की अस्तर फिकं पडू लागतं. ५० ला तिथला रक्तपुरवठा थांबतो. उलट २० च्या खाली गेला तर लाळ झिरपते. म्हणजे जागा आहे ती २० ते ३० च्या मधली.

बाहेर लोंबणारा छोटा फुगा बोटांनी दाबून ‘ठीक आहे’ म्हणण्याची पद्धत सार्वत्रिक आहे आणि ती फसवी आहे. अनुभवी बोटंही या पट्ट्याच्या बाहेर जातात. त्यासाठी दाब मोजणारं हातातलं मीटर मिळतं. यंत्राच्या किमतीपुढे त्याची किंमत किरकोळ असते. प्रत्येक पाळीत एकदा, आणि रुग्णाला कूस बदलून दिल्यानंतर पुन्हा, त्या मीटरने दाब मोजून वहीत आकडा लिहायचा, एवढंच काम आहे.

जंतू कुठून येतात

व्हेंटिलेटर लावून ४८ तास उलटल्यावर होणाऱ्या न्यूमोनियाला व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया म्हणतात, आणि त्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या यंत्रावर संशय घेतला. यंत्राच्या नळ्या दर एक-दोन दिवसांनी बदलल्या जात. अभ्यास झाले तेव्हा कळलं की त्याने काहीच साधत नाही. आता त्या दिसायला घाण झाल्या किंवा बिघडल्या तरच बदलतात. जंतू बहुतेक रुग्णाच्या तोंडातले, घशातले आणि जठरातले असतात. ते फुग्याच्या वर डबकं करून साठतात आणि फुग्याच्या चुण्यांमधून थेंबाथेंबाने खाली उतरतात.

म्हणून लढाई तोंडापाशी आहे. फुग्याच्या वरचं डबकं उपसायला वेगळं छिद्र असलेल्या नळ्या मिळतात. हाताला सॅनिटायझर लावल्याशिवाय नळीला हात लावायचा नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. घाईच्या पाळीत ते किती वेळा पाळलं जातं हा प्रश्न वेगळा. आणि दात घासायचे. साध्या मऊ ब्रशने.

दात घासण्याची कथा थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे. बरीच वर्षं रुग्णाचं तोंड क्लोरहेक्सिडिन नावाच्या जंतुनाशकाने पुसणं हे उत्तम काळजीचं लक्षण मानलं जाई. पुढे सगळे अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर त्याचा फायदा शंकास्पद ठरला, आणि मृत्यू किंचित वाढत असावेत अशी चिंताही निर्माण झाली. २०२२ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी ते औषध यादीतून वगळलं आणि दात घासणं मात्र ठेवलं. २०२४ मध्ये पंधरा चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला : रोज दात घासलेल्या रुग्णांत रुग्णालयात होणारा न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी होता. औषध बाजूला पडलं, ब्रश टिकला.

पलंगाची उशाकडची बाजू उचलून ठेवण्याचंही तसंच. बार्सिलोनात ८६ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. सपाट झोपवलेल्यांपैकी ३४ टक्क्यांना न्यूमोनियाचा संशय आला, ४५ अंशांत ठेवलेल्यांपैकी फक्त ८ टक्क्यांना. जगभर फर्मान निघालं. २००६ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी तोच प्रयोग करताना पलंगाचा कोन यंत्राने सतत मोजला. ४५ अंशांच्या गटात प्रत्यक्षातला सरासरी कोन पहिल्या दिवशी २८ च्या आसपास होता, सातव्या दिवशी २३. न्यूमोनियातही फरक दिसला नाही. कागदावर आदेश ४५ चा आणि पलंग खाली सरकलेला. स्पंजिंग करताना, एक्स-रे काढताना, रक्तदाब उतरला म्हणून कुणीतरी तो खाली केला आणि पुन्हा वर करायचं राहिलं. आज ३० ते ४५ अंश सांगितले जातात, आणि ते सांगण्यापेक्षा पलंगाशी जाऊन पाहणं जास्त उपयोगाचं ठरतं.

भारतातल्या आयसीयूंमध्ये या सगळ्याला वेगळीच धार आहे. इथे न्यूमोनिया झाला तर तो बऱ्याचदा ॲसिनेटोबॅक्टर किंवा क्लेब्सिएला यांसारख्या जंतूंचा असतो आणि ते कार्बापेनेमसारख्या भारी प्रतिजैविकांनाही दाद देत नाहीत. मग मूत्रपिंडाला इजा करू शकणारं कोलिस्टिन काढावं लागतं. घरातले दागिने गहाण पडतात ते बहुतेक याच आठवड्यात.

नळी जागेवर आहे का?

ब्रिटनमध्ये भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी वर्षभरातल्या श्वासमार्गाच्या गंभीर दुर्घटनांची देशव्यापी मोजदाद केली आणि २०११ मध्ये तिचा अहवाल दिला. शस्त्रक्रियेच्या भुलेदरम्यान नोंदवलेल्या अशा घटनांपैकी १४ टक्क्यांत मृत्यू किंवा मेंदूला कायमची इजा झाली. आयसीयूत ६१ टक्क्यांत. आयसीयूत सर्वांत घातक ठरली ती जागेवरून सरकलेली गळ्यातली नळी. आणि तिथल्या सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यूंना कॅप्नोग्राफ न वापरणं कारणीभूत ठरलं असावं, असा निष्कर्ष निघाला. कॅप्नोग्राफ म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड सतत दाखवणारं उपकरण. रेघ सपाट झाली की नळी श्वासनलिकेत नाही किंवा बुजली आहे, हे तात्काळ कळतं. बोटाला लावलेलं ऑक्सिमीटर तीच बातमी काही मिनिटं उशिरा देतं.

नळी सरकण्याची कारणं अगदी मामुली असतात. मान वाकवली की नळीचं टोक खाली जातं, ताणली की वर येतं. घामाने चिकटपट्टी सुटते. कूस बदलताना यंत्राच्या नळीचा ताण येतो. म्हणून दाताशी नळीवरचा आकडा (स्त्रियांत साधारण २१, पुरुषांत २३ सेंटिमीटर) प्रत्येक पाळीला पाहून लिहितात. अलार्म वाजला आणि रुग्ण निळसर पडू लागला तर क्रम ठरलेला आहे : नळी सरकली का, बुजली का, फुप्फुसाबाहेर हवा साठली का, यंत्र बिघडलं का. शेवटच्या शंकेसाठी रुग्णाला यंत्रावरून काढून हाताने दाबायच्या ॲम्बू बॅगवर घेतात. ही बॅगही डेन्मार्कचीच. १९५६ साली तिथल्या हेनिंग रूबेन आणि होल्गर हेसे यांनी ती आणली. आपल्या सरकारी रुग्णालयांत यंत्र कमी पडलं की तीच बॅग आजही नातेवाइकांच्या हातात दिली जाते.

एक दिवस आधी

आतापर्यंतच्या सगळ्या धोक्यांवर एक उपाय समान आहे : नळी लवकर काढणं. ती जितके दिवस राहील तितकी जोखीम वाढते. पण पूर्वी रुग्ण शांत राहावा म्हणून त्याला झोपेच्या औषधाच्या सलग धारेवर ठेवत. २००० साली शिकागोत १२८ रुग्णांवर एक साधा प्रयोग झाला. निम्म्यांची धार रोज सकाळी, ते जागे होईपर्यंत बंद केली. त्यांचा व्हेंटिलेटर साधारण ४.९ दिवसांत सुटला, इतरांना ७.३ दिवस लागले. त्याआधी १९९६ मध्ये अमेरिकेतच ३०० रुग्णांवर दुसरा प्रयोग झाला होता. त्यात रोज सकाळी रुग्ण स्वतः श्वास घेऊ शकतो का याची चाचणी करायची होती आणि त्या कामात डॉक्टरांबरोबर परिचारिका आणि श्वसनतंत्रज्ञही होते. व्हेंटिलेटरचे दिवस सहावरून साडेचारवर आले. २००८ मध्ये दोन्ही उपाय जोडले गेले. ३३६ रुग्णांच्या त्या अभ्यासानुसार, अशी काळजी घेतलेल्या दर सात रुग्णांमागे एक जास्तीचा रुग्ण वर्षाअखेर जिवंत होता.

यांत नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. फुप्फुसाला झेपेल इतकाच श्वास देण्याचंही तेच. २००० साली ८६१ रुग्णांच्या अभ्यासात, प्रत्येक श्वास १२ ऐवजी ६ मिलिलिटर प्रतिकिलो ठेवल्याने मृत्यूदर ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आला. इथला किलो पलंगावरच्या वजनाचा नसतो, उंचीवरून काढलेल्या वजनाचा असतो. त्यासाठी लागते शिंप्याकडची टेप.

जागा असलेला रुग्ण मात्र हातांनी नळी उपटू शकतो, घाबरू शकतो, बोलता येत नाही म्हणून रडू शकतो. त्याला झोपवून ठेवणं सोपं. जागं ठेवणं म्हणजे उशाशी माणूस हवा. मराठी बाराखडीचा तक्ता, ‘दुखतंय’, ‘तहान’, ‘कूस बदला’ अशी चित्रं, चष्मा, कानातलं यंत्र, आणि रोज ठरलेल्या वेळी आत येणारं घरचं माणूस. याने किती तरी गोंधळ टळतो. व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका, हे प्रमाण अनेकदा सांगितलं जातं. प्रत्यक्षात रात्रपाळीला एकीकडे दोन-तीन रुग्ण असतात, आणि तेव्हा आधी राहतात ती हीच कामं : ब्रश, फुग्याचा दाब, पलंगाचा कोन. त्यांच्या अभावाचं बिल पाच दिवसांनी येतं, त्यामुळे ते त्या पाळीच्या नावावर कधीच लागत नाही.

गळ्यातली नळी घेऊन घरी

काही रुग्णांचं यंत्र लवकर सुटत नाही. त्यांच्या गळ्याला छेद देऊन ट्रॅकिऑस्टॉमी करतात. घरच्यांना ती शेवटची पायरी वाटते; खरं तर त्यामुळे तोंड मोकळं होतं, झोपेचं औषध कमी होतं, रुग्णाला बसवता येतं. मात्र ती घाईने करून जीव जास्त वाचतात असं नाही. ब्रिटनमधल्या सुमारे नऊशे रुग्णांच्या अभ्यासात, पहिल्या चार दिवसांत छेद दिलेल्यांत आणि दहा दिवस थांबलेल्यांत मृत्यूदर जवळजवळ सारखा निघाला. थांबलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना छेद द्यावाच लागला नाही.

अशी नळी घेऊन घरी जाणाऱ्या रुग्णाची निगा मुलगी, सून, भाऊ यांच्यावर येते. डिस्चार्ज कार्डावर ‘ट्रॅकी केअर’ असे दोन शब्द लिहून भागत नाही. घरच्या निदान दोन माणसांनी रुग्णालयातच, सिस्टरच्या देखत, स्वतःच्या हाताने सक्शन करून दाखवावं, आतली नळी काढून, धुऊन पुन्हा बसवून दाखवावी, आणि मगच सुट्टी व्हावी. बोलण्यासाठीची झडप दिली असेल, तर फुगा पूर्ण रिकामा केल्याशिवाय ती लावायची नाही. तिच्यातून हवा फक्त आत जाते, आणि फुगा फुगलेला असेल तर बाहेर पडायला वाटच उरत नाही. घरात सक्शनचं यंत्र हवं, वीज गेली तर पायाने चालणारं किंवा बॅटरीवरचं. उशाशी त्याच मापाची एक जादा नळी आणि एक माप लहान अशी दुसरी हवी. जवळच्या रुग्णालयाचा फोन नंबर भिंतीवर चिकटवलेला हवा, आणि त्या रुग्णालयाला असा रुग्ण आपल्या गावात आहे हे आधीच कळवलेलं हवं.